‘गाले’ नामांकित कांचपात्रें व त्यांचा कालनिर्णय

१. ज्या वस्तूवर कर्त्याचें नांव कोरलेलें आहे तिच्या काळाविषयीं शंका कसली घ्यावयाची, असें पुराणवस्तूंच्या संग्राहकांकडून वारंवार बोललें जातें. पोथ्या व कागदपत्रें हाताळणाऱ्यांस या म्हणण्यांतील दोष समजावून सांगावयास नको. पुष्पिकेंत दिलेला शक पुष्कळदां मूळ प्रतीचा असतो. समोरची नक्कल त्यानंतर शंभर वर्षांनीं उतरलेली असते, आणि नक्कल करणारानें मूळची पुष्पिका जशीच्या तशी लिहून ठेविलेली असते. म्हणून शकाचा आंकडा प्रमाण मानण्यापूर्वीं आपण कागद पाहतों, शाई पाहतों, अक्षराचें वळण पाहतों, आणि हे तिन्ही साक्षी अनुकूल पडले म्हणजेच पुष्पिकेस मान देतों. परंतु हाच चिकित्सक पोथी बाजूस ठेवून फ्रेंच कांचेची फुलदाणी हातीं घेतो, तेव्हां तिच्या अंगावरील नांव वाचून त्याची चिकित्सा तेथेंच थांबते. विकणारा नांवावर किंमत सांगतो, घेणारा नांवावर ती देतो, आणि संग्रहाच्या यादींत चुकीचा सन एकदां लिहिला गेला म्हणजे पुढील पिढी त्या यादीसच प्रमाण मानूं लागते. यांत द्रव्यहानि आहेच. पण त्याहून मोठी हानि अशी कीं, ज्या कलावंताचा आपण आदर करतों त्याच्या देखरेखीखालीं झालेलें काम कोणतें व त्याच्या पश्चात् निघालेला माल कोणता, हा भेदच लोपून जातो.

युरोपीय कांचसामान आपल्या देशांत एकोणिसाव्या शतकापासून येत आलें आहे. बर्मिंगहॅमच्या ऑस्लर कंपनीचें तर कलकत्त्यास दुकानच होतें. जुने संग्रह मोडतांना हंड्याझुंबरांच्या सोबतीनें कलाकांचेचें एखादें पात्र बाहेर पडणें अशक्य नाहीं. अशा वेळीं पोथीपरीक्षेचे नियम कांचेस कसे लावावे, हें एका उदाहरणानें दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. उदाहरण फ्रान्सच्या लॉरेन प्रांतांतील नाँसी शहरचा कांचकलावंत एमिल गाले याचें घेतलें आहे. सिद्धांत एवढाच कीं, बाजारांत आढळणाऱ्या बहुतेक पात्रांवरील ‘गाले’ हीं अक्षरें एका माणसाची सही नव्हे, तर एका कारखान्याचा शिक्का आहे. शिक्क्यावरून घर कळतें, काळ कळत नाहीं. काळ कांचेच्या अंगावर वाचावा लागतो.

२. परीक्षेकडे वळण्यापूर्वीं कालनिर्णयास लागणारे सन एकत्र मांडतों. एमिल गाले याचा जन्म नाँसी येथें ता. ४ मे १८४६ रोजीं झाला. त्याचे वडील शार्ल गाले हे कांच व चिनी मातीच्या सामानाचा व्यवसाय करीत. मुलानें वनस्पतिशास्त्राचा अभ्यास केला, कांहीं काळ जर्मनींतील वायमार येथें काढला, आणि मायझेनताल येथील ब्युर्गुन-श्वेरेर कंपनीच्या भट्टीवर कांचकामाचें शिक्षण घेतलें. १८७०-७१ च्या युद्धानंतर फ्रँकफुर्टच्या तहानें आल्सास व लॉरेनचा एक भाग जर्मनीकडे गेला. त्यांत मायझेनताल जर्मन हद्दींत गेलें, नाँसी मात्र फ्रान्सकडे राहिलें. १८७७ मध्यें गालेनें वडिलांचा व्यवसाय हातीं घेतला. १८७८ च्या पॅरिस प्रदर्शनांत त्याची चांदण्यासारख्या फिक्या निळ्या झाकेची कांच लोकांच्या डोळ्यांत भरली. १८८४ च्या प्रदर्शनानें त्याचें नांव अधिक दृढ झालें. १८८९ च्या जागतिक प्रदर्शनांत कांचेसाठीं त्यास सर्वोच्च पारितोषिक मिळालें, आणि १९०० च्या प्रदर्शनांत त्या कीर्तीचा कळस झाला. १९०१ मध्यें नाँसीच्या कलावंतांचा ‘एकोल द नाँसी’ या नांवाचा संघ स्थापन झाला, त्याचा पहिला अध्यक्ष गालेच होता. ता. २३ सप्टेंबर १९०४ रोजीं तो निवर्तला.

या चरित्रांतील दोन सन संग्राहकानें विशेष लक्षांत ठेवावे. १८८५ मध्यें गालेनें ब्युर्गुन-श्वेरेर कंपनीशीं करार करून आपलीं पात्रें मायझेनताल येथें करवून घेण्याची व्यवस्था केली. नाँसी येथें त्याची स्वतःची कांचभट्टी पेटली ती १८९४ मध्यें. अर्थात् या नऊ वर्षांतील ज्या पात्रांवर ‘नाँसी’ असें स्पष्ट कोरलेलें आहे, त्यांतील पुष्कळ पात्रें जर्मन हद्दींतील भट्टीवर जन्मलीं. पात्रावरील गांव हें मालकाचें गांव आहे, भट्टीचें नव्हे. ग्रंथावर प्रकाशकाचें गांव छापलेलें असतें म्हणून ग्रंथ तेथेंच छापला असें आपण मानीत नाहीं, त्यांतलाच हा प्रकार आहे. लेखांतील अक्षर खरें असूनहि त्याचा आपण काढलेला अर्थ खोटा असूं शकतो, याचें हें पहिलें प्रत्यंतर.

३. आतां कांचेच्या घडणींतील काळाच्या पायऱ्या पाहूं. आरंभीच्या काळांत, म्हणजे १८७० नंतरच्या दीड दशकांत, गालेचें काम मुख्यतः पारदर्शक किंवा किंचित् रंगछटा असलेल्या कांचेवर मिनाकाम व सोनेरी रेखाटन या स्वरूपाचें आहे. नक्षींत जुन्या फ्रेंच, इस्लामी व जपानी वळणांचें अनुकरण दिसतें. जपानी वळणाचा योग असा कीं, १८८५ ते १८८८ या काळांत ताकाशिमा होक्काय हा जपानी गृहस्थ नाँसीच्या वनविद्यालयांत शिकत होता व गालेशीं त्याचा परिचय होता. जपानी लेखनाप्रमाणें वरून खालीं उभीं मांडलेलीं ‘गाले’ अक्षरें कांहीं पात्रांवर आढळतात, तीं या आवडीचींच द्योतक होत.

दुसरी पायरी थरांच्या कांचेची. एका रंगाच्या कांचेवर दुसऱ्या, तिसऱ्या रंगाच्या कांचेचे थर चढवावयाचे, आणि वरचे थर ठिकठिकाणीं कोरून खालचा रंग मोकळा करावयाचा, ही ती रीत. कोरण्याचे मार्ग दोन. एक चाकावरचा: फिरत्या लहान चक्रानें कारागीर कणाकणानें कांच काढतो, याला महिने लागतात. दुसरा आम्लाचा: जो भाग राखावयाचा त्यावर डांबरासारखें लेपन द्यावयाचें व पात्र हायड्रोफ्लोरिक आम्लांत बुडवावयाचें, उघडी कांच आम्ल खातें आणि राखलेला भाग उठून दिसतो. पहिला मार्ग एकेका कृतीचा आहे, दुसऱ्यानें एका नमुन्याचीं अनेक पात्रें काढतां येतात. गालेच्या हयातींत हे दोन्ही चालत. श्रीमंती कामांत आम्लानें आखणी करून चाकानें पूर्तता करण्याचीहि चाल होती.

तिसरी पायरी १८९८ ची. त्या वर्षीं गालेनें दोन कृतींचे हक्क नोंदविले. एक कांचेच्या जडावकामाची: पात्र तप्त व मऊ असतांना त्याच्या अंगांत रंगीत कांचेचे तुकडे दाबून बसवावयाचे व थंड झाल्यावर ते चाकानें कोरावयाचे. दुसरी कांचेच्या पृष्ठावर मुद्दाम धुरकट छटा आणण्याची. जडावकामाचें अस्सल पात्र त्यामुळें सामान्यतः या सनाच्या आसपासचें अथवा नंतरचें समजावें. हें काम अत्यंत जोखमीचें आहे. निरनिराळ्या रंगांची कांच कमीअधिक प्रमाणांत आकसते, आणि पात्र थंड होतांना तडकतें.

या पायऱ्यांना टेकू देणारे दिनांकित नमुने उपलब्ध आहेत, हें आपलें भाग्य. लुई पाश्चर यांच्या सत्तराव्या वर्षाच्या गौरवार्थ केलेलें व १८९३ मध्यें अर्पण झालेलें पात्र, नाँसीच्या उद्यानविद्यासंघाच्या अध्यक्षांसाठीं १९०१ मध्यें केलेलें ‘रोज द फ्रान्स’ नांवाचें पात्र, आणि १९०४ मधील, शेवाळ व शिंपले यांनीं वेढलेल्या कांचेच्या हाताची प्रसिद्ध कृति, हीं त्यांपैकीं होत. प्रदर्शनांच्या परीक्षकांसाठीं गालेनें १८८४ व १८८९ मध्यें आपल्या कृतींचीं टिपणें लिहिलीं होतीं. तीं त्याच्या पत्नीनें १९०८ मध्यें त्याच्या इतर लेखांसह ग्रंथरूपानें प्रसिद्ध केलीं. कर्त्याच्या शब्दांतील अशी समकालीन लेखी साक्ष फार थोड्या कांचकारांच्या वांट्यास आली आहे.

आणखी एक साधन पोथीवाल्यांस विशेष रुचेल. गालेनें कित्येक पात्रांवर कवींच्या ओळी कोरल्या. अशा पात्रांस ‘बोलकी कांच’ म्हणत. ह्यूगो, बोदलेअर, मेटरलिंक इत्यादिकांचीं वचनें त्यांवर येतात. ग्रंथांत आलेल्या अवतरणावरून आपण ग्रंथाची पूर्वमर्यादा ठरवितों. तोच न्याय येथें लागतो. मेटरलिंकचा पहिला काव्यसंग्रह १८८९ मध्यें निघाला. त्यांतील ओळ असलेलें पात्र १८८० चें म्हणून कोणी दाखवूं लागल्यास, भिंग हातीं घेण्यापूर्वींच उत्तर तयार आहे.

४. गालेच्या मृत्यूनें भट्टी विझली नाहीं. त्याची पत्नी आंरिएत हिनें कारखाना पुढें चालविला; ती १९१४ मध्यें वारली. त्यानंतर कारभार जावई पॉल पेर्द्रिझे याच्याकडे आला. हा गृहस्थ व्यवसायानें कारखानदार नसून पुराणवस्तुशास्त्राचा अध्यापक होता. ग्रीसमधील डेल्फीच्या उत्खननांतील लहान वस्तूंचा त्यानें लिहिलेला खंड १९०८ मध्यें प्रसिद्ध झाला आहे. प्राचीन वस्तूंचे काल ठरविण्यांत ज्याची हयात गेली, त्याच्याच कारभारांत निघालेल्या वस्तूंचा काल ठरविण्यास आज आपणांस श्रम पडावे, हा दैवाचा विनोदच म्हणावयाचा. महायुद्धानंतर थरांच्या कांचेवर आम्लानें कोरलेल्या फुलांचीं व देखाव्यांचीं पात्रें आणि विजेच्या दिव्यांचीं छत्रें मोठ्या संख्येनें निघालीं. १९२५ च्या सुमारास साच्यांत फुंकून फळें, फुलें, हत्ती इत्यादि आकृति उठावानें काढलेलीं पात्रेंहि बाजारांत आलीं. उत्पादन १९३१ मध्यें थांबलें व १९३६ पर्यंत कंपनीचा व्यवहार आटोपला.

या सर्व काळांत पात्रांवर नांव ‘गाले’ हेंच होतें. म्हणजे कर्त्याच्या मृत्यूनंतर सुमारें २७ वर्षें त्याच्या नांवाची कांच निघत राहिली. आणि ती अधिक संख्येनें निघाली, म्हणून आज विक्रीस येणाऱ्या आम्लकोरीव पात्रांपैकीं फार मोठा भाग याच उत्तरकाळाचा आहे.

५. येथें पूर्वपक्ष उभा राहतो तो असा. गालेच्या मृत्यूनंतर त्याच्या स्मरणार्थ नांवाजवळ एक लहान तारका कोरूं लागले, ही गोष्ट सर्वमान्य आहे. तर मग निर्णय सोपा झाला. तारका असेल तें पात्र मरणोत्तर, तारका नसेल तें हयातींतलें. दुकानदारांच्या तोंडीं हाच नियम आहे, आणि तारका नसलेल्या पात्राची किंमत ते त्याच आधारें वाढवितात.

या युक्तिवादाचें पूर्वार्ध ग्राह्य आहे, उत्तरार्ध त्याज्य आहे. तारका हें मरणोत्तर काळाचें लिंग आहे. तिच्यावरून त्या काळाचें अनुमान होतें. परंतु तारकेच्या अभावावरून कांहींच सिद्ध होत नाहीं, कारण तारका मृत्यूनंतरच्या थोड्या वर्षांतच वापरली गेली व पुढें सोडून दिली गेली. न्यायशास्त्र शिकलेल्या कोणत्याहि विद्यार्थ्यास हें ठाऊक आहे. जेथें धूर तेथें अग्नि हें खरें. पण जेथें धूर नाहीं तेथें अग्नि नाहीं असें म्हणणारानें तापलेल्या लोखंडी गोळ्यास हात लावून पाहावा. धुराशिवाय अग्नि असतो, तशी तारकेशिवाय मरणोत्तर फुलदाणी असते. किंबहुना १९१० ते १९३१ मधील बहुसंख्य पात्रें हा असाच बिनधुराचा अग्नि आहे, आणि त्यानेंच संग्राहकांचे हात पोळतात.

‘फ्रान्स’ या शब्दाविषयींहि असाच विपर्यास होतो. अमेरिकेच्या १८९० च्या मॅकिन्ले जकात कायद्यान्वयें आयात मालावर मूळ देशाचें नांव असणें आवश्यक झालें, व १८९१ पासून तें अंमलांत आलें. म्हणून तळाशीं देशाचें नांव असल्यास पात्र बहुधा त्यानंतरचें आहे, इतकें म्हणतां येईल. नांव नाहीं म्हणून तें पूर्वींचें, हें म्हणतां येणार नाहीं. सर्वच माल कांहीं अमेरिकेस जात नव्हता.

६. मृताच्या नांवानें माल निघतो हें ऐकून कोणास तें फसवणुकीचें कृत्य वाटेल. तसें मानण्याचें कारण नाहीं. आपल्याकडील नाणीं पाहावीं. शिवराईवर एका बाजूस ‘श्री राजा शिव’ व दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’ हीं अक्षरें असतात. पण म्हणून प्रत्येक शिवराई १६८० पूर्वींची ठरत नाहीं. दुदांडी म्हणून ओळखली जाणारी शिवराई पेशवाईंत मोठ्या प्रमाणांत पाडली गेली, हें नाणकशास्त्राच्या अभ्यासकांस विदित आहे. ईस्ट इंडिया कंपनीनें शाह आलम बादशहाच्या १९ व्या जुलूसाचा आंकडा असलेले मुर्शिदाबादी रुपये, तो बादशहा १८०६ मध्यें निवर्तल्यावरहि पुष्कळ वर्षें पाडले. आंकडा गोठला, टांकसाळ चालू राहिली. त्या नाण्यांस कोणी खोटीं म्हणत नाहीं. तीं खऱ्या टांकसाळीचीं खरीं नाणीं आहेत. फक्त त्यांवरील नांव व आंकडा यांवरून त्यांचा काळ ठरवितां येत नाहीं. ‘गाले’ या अक्षरांचा अर्थ असाच घ्यावयाचा.

यास्तव कागदपत्रांच्या परीक्षेंत आपण अस्सल, नक्कल व बनावट असे तीन भाग करतों, तसेच येथेंहि तीन भाग करावे. १९०४ पूर्वींचें तें हयातींतलें. १९०४ ते १९३१ मधील तें कारखान्याचें उत्तरकालीन. हें पाटीलकीच्या मूळ कागदाची कचेरींतून मिळालेली रीतसर नक्कल असावी, तसें समजावें. आणि ज्याचा या कारखान्याशीं संबंधच नाहीं तें बनावट. दुसऱ्या भागास तिसऱ्यांत ढकलणें हा अन्याय आहे, आणि पहिल्यांत चढविणें हें असत्य आहे.

७. आतां परीक्षाक्रम सांगतों. आपल्या रत्नपरीक्षेच्या ग्रंथांत कृत्रिम रत्नें ओळखण्याचा विचार आलेला आहे, आणि कौटिलीय अर्थशास्त्रांतहि रत्नांच्या याद्यांच्या शेवटीं काचमणींचा उल्लेख आहे. त्या परंपरेचें धोरण हेंच कीं, एका लक्षणावर निर्णय देऊं नये, अनेक लक्षणें एकत्र जुळवून पाहावीं. कांचेच्या बाबतींत नांव सर्वांच्या शेवटीं वाचावें. क्रम असा.

(अ) तळ. पात्र उपडें करून तळ भिंगानें पाहावा. पात्र ज्या वर्तुळावर टेकतें तेथेंच झीज असावी, आणि ती लहानमोठ्या, खोल-उथळ, सर्व दिशांच्या ओरखड्यांची असावी. कारण शंभर वर्षांत पात्र शंभर ठिकाणीं सरकतें. सगळे ओरखडे एकाच दिशेचे, एकाच खोलीचे असतील, किंवा जो भाग कशासहि टेकत नाहीं तेथेंहि झीज असेल, तर ती काळानें नव्हे, घासकागदानें आणलेली आहे. फुंकलेलें पात्र तोंड घडवितांना तळाशीं दुसऱ्या लोखंडी दांडीवर धरतात. ती दांडी तोडल्याची खूण चांगल्या कामांत घासून गुळगुळीत केलेली आढळते.

(आ) थर. पात्राच्या कांठावर व कोरीव भागाच्या कडेवर थर मोजावे. अस्सल कामांत रंग कांचेच्या अंगांत असतो. कडेवर त्याची जाडी दिसते. रंग पृष्ठावर लेपासारखा बसलेला असेल तर तें थरकाम नव्हे. नंतर पात्र उजेडासमोर धरावें. प्रकाश आरपार जातांना रंगांच्या झाका एकमेकींत कशा मिसळतात हें पाहावें.

(इ) कोरणीची खोली. हयातींतील श्रीमंती कामांत पाकळीची शीर, पानाची कड, कीटकाचा पंख हे चाकानें निरनिराळ्या खोलीवर काढलेले असतात व बोटांस तें जाणवतें. उत्तरकालीन चांगल्या कामांत आम्लाचीं बुडवणीं दोनतीनदां होऊन दोनतीन पातळ्या पडतात. केवळ एकच सपाट पातळी, सर्वत्र सारखी चकाकी अथवा सारखा निस्तेजपणा, हें अलीकडच्या अनुकरणाचें नेहमींचें लक्षण होय.

(ई) वनस्पति. ही परीक्षा गालेच्या बाबतींत विशेष महत्त्वाची. तो नाँसीच्या उद्यानविद्यासंघाच्या संस्थापकांपैकीं एक व त्याचा चिटणीस होता. वनस्पति त्यानें पुस्तकांतून नव्हे, बागेंतून घेतल्या. म्हणून त्याच्या पात्रावरील फुलाची जाति बहुधा ओळखतां येते, आणि फूल, पान व देंठ एकाच झाडाचे असतात. एका वेलीचें फूल व दुसऱ्या झाडाचें पान जेथें एका देंठावर दिसेल, तेथें त्याचें नांव कितीहि सुबक कोरलेलें असो, थांबून विचार करावा.

(उ) नांव. तें शेवटीं पाहावें, आणि त्याचा अर्थ पाहण्यापूर्वीं त्याची घडण पाहावी. आम्लकोरीव पात्रावरील नांव बहुधा नक्षीबरोबरच, नक्षीच्याच थरांत उठावानें निघालेलें असतें. दोन्ही एका आम्लाचीं अपत्यें असतात. नक्षी उठावाची आणि नांव मात्र मागाहून टोंचणीनें खरवडलेलें, असा विसंवाद आढळल्यास पात्र त्या काळाचें असलें तरी नांव त्याचें नव्हे. पोथीची शाई एक व पुष्पिकेची दुसरी असली म्हणजे आपण जें समजतों तेंच येथें समजावें. उलट पक्षीं आरंभीच्या मिनाकामाच्या पात्रांवर तळाशीं कोरलेलें किंवा मिन्यानें लिहिलेलें, नाँसी गांवासह असलेलें नांव हें योग्यच असतें. हयातींतील नांवांच्या तऱ्हा फार विविध आहेत, कधीं तीं वेलबुट्टींत गुंफलेलीं, कधीं उभीं. उत्तरकालीन नांवें त्यामानानें एकसारखीं दिसतात. तात्पर्य, नांवाची रीत पात्राच्या रीतीशीं व काळाशीं जुळली पाहिजे.

(ऊ) अतिनील दिवा. या दिव्याखालीं कांच कोणत्या रंगानें उजळते यावरून तिच्या घटकांचा अंदाज येतो. युरेनियमयुक्त कांच हिरवी तेजाळते हें आतां सर्वांस ठाऊक आहे. पण हिरवें तेज म्हणजे प्राचीनत्व नव्हे. युरेनियमाची कांच १८३० नंतरच्या काळापासून थेट आजपर्यंत होत आली आहे. हा दिवा मूळ पात्र व मागाहून चिकटविलेला तुकडा यांतील भेद दाखवील. सन सांगणार नाहीं.

८. बनावट मालाविषयीं दोन शब्द. तो दोन वाटांनीं येतो. पहिली वाट जुन्या, पण दुसऱ्या घराच्या पात्राची. लॉरेन प्रांतांत त्याच काळांत दोम बंधु, म्यूलर बंधु इत्यादि अनेक कारखाने थरांची कांच करीत होते. दोम घराण्याच्या नांवाजवळ बहुधा लॉरेनचा दुहेरी क्रूस असतो. कमी किंमतीच्या घराचें नांव घासून तेथें अधिक किंमतीचें नांव घालणें हा जुना उद्योग आहे. येथें कांच खरी, काळ खरा, झीजहि खरी. खोटें फक्त नांव. म्हणूनच नांवाच्या आसपासचा पृष्ठभाग इतर भागापेक्षां खोलगट वा गुळगुळीत तर नाहीं, हें तिरप्या उजेडांत पाहावें.

दुसरी वाट नव्या मालाची. विसाव्या शतकाच्या शेवटापासून रूमानियांत गाले-पद्धतीची थरांची कांच तयार होऊं लागली, आणि तिच्यावर ‘गाले’ शब्दाजवळ ‘टिप’ हीं रोमन लिपींतील तीन अक्षरें असतात. रूमानियन भाषेंत त्या शब्दाचा अर्थ ‘त्या धर्तीचें’ असा आहे. करणारानें यांत कांहीं लपविलें नाहीं. त्यानें धर्ती म्हटलें, धर्ती म्हणून विकलें. लबाडी पुढच्या हातांत होते. तीं तीन अक्षरें घासून काढलीं कीं उरतें केवळ ‘गाले’. सनदेंतील ‘नक्कल’ हा शब्द खरवडून तीच सनद अस्सल म्हणून पुढें करावी, अगदीं त्याच तऱ्हेचा हा प्रकार आहे. नांवाच्या शेजारीं कारणाशिवाय मोकळी, घासलेली जागा आढळली तर वाचकानें ती रिकामी जागाहि वाचावी. तेथें कांहीं लिहिलेलें होतें.

९. आतां उपसंहार. संग्राहकाची खरी कसोटी खरेदीच्या वेळीं नसून यादी लिहितांना लागते. खरेदींतील चूक एकट्याची असते, यादींतील चूक सर्वांची होते. म्हणून यादींत ‘एमिल गाले, १९००’ असें मोघम न लिहितां प्रथम कांचेचें वर्णन द्यावें: थर किती, रंग कोणते, कोरणी चाकाची कीं आम्लाची, तळाची स्थिति कशी. नंतर नांव जसें आहे तसें, त्याची जागा व घडण यांसह उतरावें. त्यानंतर पूर्वमर्यादा व उत्तरमर्यादा लिहाव्या, आणि शेवटीं निर्णय तीनपैकीं एका शब्दांत द्यावा: हयातींतलें, कारखान्याचें उत्तरकालीन, किंवा बनावट. पात्राबरोबर जुनी पावती, प्रदर्शनाची यादी वा घरांतील छायाचित्र असल्यास त्याची नोंद स्वतंत्र करावी. तुलनेसाठीं नाँसी येथील एकोल द नाँसीचें संग्रहालय हें उत्तम प्रमाण आहे. कॉर्बां नांवाच्या रसिकानें आपला संग्रह १९३५ मध्यें शहरास दिला व त्याच्याच घरांत १९६४ मध्यें तें संग्रहालय उघडलें. तेथील वस्तूंचीं छायाचित्रें आज घरबसल्या पाहावयास मिळतात.

उत्तरकालीन पात्र हातीं आलें म्हणून कोणी खिन्न होण्याचें कारण नाहीं. पेशवेकालीन शिवराई ही शिवकालीन नसली तरी ती आपल्या इतिहासाचें खरें साधन आहे, आणि तिच्यावरून पेशवाईंतल्या बाजाराविषयीं जें कळतें तें शिवकालीन नाण्यावरून कळणार नाहीं. त्याचप्रमाणें १९२५ ची फुलदाणी ही एका कलावंताची कृति नसली तरी एका घराण्यानें त्याची परंपरा कशी चालविली, कोठें राखली व कोठें बाजारापुढें वांकविली, याची ती खरी साक्ष आहे. साक्षीस जेवढें ठाऊक आहे तेवढेंच तिला विचारावें. तिच्या तोंडीं भलता सन घालणारा संग्राहक तिची किंमत वाढवीत नाहीं. तो एक विश्वासू साक्षीदार मात्र गमावतो.